मला ओळखलं का, हे विचारायचं नाही

(अभ्यास पाठ. गटाच्या मासिक बैठकीत मोठ्याने वाचण्यासाठी. नर्सिंग शिकणारी मुलगी सुट्टीला घरी आली असेल तर तिलाही शेजारी बसवा.)



आपल्या संघातल्या बऱ्याच घरांतल्या लेकी-सुना आता नर्सिंगला आहेत. कुणी दोन वर्षांच्या ए.एन.एम.ला, कुणी तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला, एखादी बी.एस्सी.ला. काहींची फी गटाच्या अंतर्गत कर्जातून भरली गेली, म्हणजे तिच्या शिक्षणात सगळ्या गटाचा जीव गुंतलेला आहे. मी अशाच मुलींना शिकवते. सुई टोचायची, रक्तदाब घ्यायची, बाळंतपणाच्या खोलीत उभं राहायची भीती हळूहळू जाते. एक भीती मात्र शेवटच्या वर्षापर्यंत टिकून राहते, आणि ती म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाजवळ जायची. "मॅडम, त्या कोपऱ्यातल्या आजीकडे मला नका पाठवू, ती अंगावर येते," असं मुली हळूच येऊन सांगतात.

मग होतं काय, की सगळ्याच जणी त्या खाटेजवळून भरभर पुढे जातात. गोळी दिली, ताप बघितला, नोंद केली, झालं. आजीशी दिवसभर कुणी दोन शब्द बोलत नाही. मुलगी परीक्षा पास होते, नोकरीला लागते, आणि असा पेशंट आला की पुन्हा दुसरीला पुढे करते. ही भीती कशी घालवायची त्याचा हा पाठ आहे. तो वर्गात पुरा होत नाही, त्याला तुम्ही लागता, म्हणून तो या अंकात घेतला आहे.

आजाराबद्दल थोडक्यात

स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारचळ नव्हे, करणी-बाधा नव्हे, आणि नुसतं विसरणंही नव्हे. चष्मा कुठे ठेवला ते आपण सगळेच विसरतो. चष्मा हातात आहे आणि तो कशासाठी असतो तेच कळत नाही, हे वेगळं. रोजच्या वाटेवर चुकणं, भाजीत तीनदा मीठ घालणं, हिशेबात पक्की असलेल्या बाईला सुट्टे पैसे न कळणं, स्वभाव बदलणं, ही त्याची लक्षणं. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. बरेचदा बारीक-मोठ्या पक्षाघातांनीही असं होतं, म्हणून रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवायला सांगतात.

आपल्या देशातल्या ६० वर्षांवरच्या माणसांचा मोठा अभ्यास झाला. त्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा की शंभरात साधारण सात जणांना हा त्रास आहे, म्हणजे देशभरात ८८ लाख लोकांना. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. तुमच्या गावात साठीच्या वरची दोनशे माणसं असतील तर या हिशेबाने चौदा-पंधरा जण निघतील. तेवढे दिसत नाहीत, कारण ते घरात असतात.

एक गोष्ट मुलींनी आणि तुम्हीही पक्की लक्षात ठेवायची. हा आजार महिन्या-वर्षांनी वाढतो. काल नीट बोलणारं माणूस आज एकदम बडबडायला लागलं, ओळखेना झालं, सारखं झोपेत राहू लागलं, तर तो नुसता स्मृतिभ्रंश समजू नका. लघवीला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, रक्तातलं मीठ किंवा साखर कमी होणं, छातीत कफ, नवीन सुरू केलेली गोळी, असं काहीतरी त्यामागे असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तसंच बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, मनाची उदासी यांनीही विसर पडतो आणि औषधाने तो बराच सुधारू शकतो. म्हणून "वय झालं" असं म्हणून घरी ठेवू नका, डॉक्टरांना एकदा दाखवाच.

भीती कुठून येते

इंजेक्शन शिकवायला आमच्याकडे पुतळा असतो. चुकलं तरी तो ओरडत नाही. पण "माझी आई आली का?" असं ऐंशी वर्षांची आजी विचारते, तेव्हा काय उत्तर द्यायचं, याचा पुतळा कुठे मिळत नाही. पुस्तकात व्याख्या असते, प्रकार असतात, मेंदूचं चित्र असतं. मुलगी ते पाठ करते, दहापैकी आठ मार्क मिळवते, आणि खाटेजवळ गेली की गप्प होते. तिला मार बसायची भीती असते, काहीतरी चुकीचं बोलून जाऊ याची असते, आणि नातेवाईक बघत असतील तर त्यांचीही असते.

आता तुम्ही आठवून बघा. गटाच्या कामासाठी पहिल्यांदा बँकेत गेला होता तेव्हा काय झालं होतं? साहेबांसमोर उभं राहताना पाय कापले होते ना? ती भीती कशी गेली? बँकेच्या व्यवहारावर कुणी व्याख्यान दिलं म्हणून गेली का? अल्बर्ट बँडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली हेच मांडलं. "हे मला जमेल" हा विश्वास चार वाटांनी येतो, असं तो म्हणतो. आपण स्वतः छोटं काम करून बघतो आणि ते जमतं, ही सगळ्यांत बळकट वाट. आपल्यासारखीच कुणी ते करताना दिसते, ही दुसरी. म्हणूनच शेजारच्या गावच्या सचिवाने स्लिप भरलेली बघून तुम्हाला धीर आला होता. जिच्यावर भरवसा आहे अशी बाई "तुला येईल" म्हणते, ही तिसरी. आणि चौथी आपल्या शरीराची. छातीत धडधडतंय म्हणजे मला येत नाही, असा अर्थ आपण लावतो. नव्या कामाला धडधडतंच, हे एकदा कळलं की तीच धडधड कमी त्रास देते.

नर्सिंगच्या मुलींचंही अगदी असंच आहे. तुम्ही ज्या वाटेने धीट झालात, तीच वाट त्यांना दाखवायची आहे.

इंग्लंडच्या दक्षिण भागात काही कॉलेजांनी २०१४ च्या सुमारास एक उपक्रम सुरू केला. डॉक्टर आणि नर्स होऊ घातलेली मुलं दोघादोघांच्या जोडीने एकाच स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरी दोन वर्षं अधूनमधून जातात. ती तपासायला किंवा औषध द्यायला जात नाहीत, नुसतं बसून बोलायचं, घरच्यांचं ऐकायचं. दवाखान्यात आपल्याला फक्त आजार दिसतो, घरात माणूस दिसतो, हा त्यामागचा विचार. आपल्याकडच्या मुलींना तर गावात कुटुंब-अभ्यासासाठी यावंच लागतं. त्यातलं एक कुटुंब असं निवडता येईल.

पहिली भेट दहा मिनिटांची

मी मुलींना पहिल्या दिवशी कसलंही काम देत नाही. दहा मिनिटं बसून यायचं, एवढंच. पण कसं बसायचं ते सांगते.

मागून जायचं नाही, समोरून जायचं. उभं राहून वरून बोलायचं नाही, डोळ्याला डोळा येईल असं खाली बसायचं. आधी आपलं नाव आपणच सांगायचं: "आजी, मी सुनीता, नर्सबाई." मला ओळखलं का, मी कोण सांगा बरं, असं कधीच विचारायचं नाही. घरचे लोक तर येता-जाता ही परीक्षा घेतात, आणि दर वेळी नापास झालेलं ते माणूस शेवटी बोलणंच सोडून देतं. मला विचाराल तर आपल्या घरांतून हा एक प्रश्न बंद झाला तरी अर्धं काम झालं.

एका वेळी एकच गोष्ट सांगायची. "उठा, चप्पल घाला, अंघोळीला चला, पाणी गार होतंय" या चार गोष्टी झाल्या. "आजी, उठू या" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. मुलींना हे थांबणंच अवघड जातं, तीन आकड्यांतच त्या पुन्हा बोलतात. खरं तर उत्तर वाटेवर असतं, आपण मध्येच दुसरा प्रश्न टाकला की ते हरवतं.

काय खायचं असं मोकळं विचारू नये. "भात देऊ का भाकरी?" असं दोनातलं एक विचारावं, आणि जमलं तर दोन्ही ताटल्या समोर दाखवाव्यात. भरवायच्या वेळी माणूस ताठ बसलेलं हवं, घास लहान हवा, आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. खाताना ठसका लागत असेल, घास गालात साठत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायचं.

भाषेचंही बघायचं. आमच्या मुली गणवेश घातला की पुस्तकी बोलायला लागतात. "आजी, आपल्याला वेदना होत आहेत का?" आजी नुसती बघत राहते. तीच मुलगी तिच्या घरच्या बोलीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत विचारते तेव्हा आजीचा चेहरा उजळतो. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातली मुलगी असेल तर तिथे मोठ्या दवाखान्यातल्या शिकलेल्या नर्सपेक्षाही तिचा उपयोग जास्त. लाजून ती बोली लपवते, तेव्हा मी तिला सांगते, इथे हेच तुझं कसब आहे.

गुरं यायची वेळ

अवघड प्रसंग येतातच. एक नेहमीचा घेऊ. दिवस कलला की आजी अस्वस्थ होते, उठते, दाराकडे जाते. "गुरं यायची वेळ झाली, मला जाऊ दे." गुरं विकून वीस वर्षं झालेली. संध्याकाळी असा त्रास वाढणं या आजारात नेहमीचंच असतं. उजेड कमी होतो, सावल्या पडतात, दिवसभराचा थकवा असतो.

घरचे सांगतात, "अगं, गुरं नाहीत आता, बस खाली." मग आजी ओरडते, कुणी हात धरतं, आजी बोचकारते, आणि नोंदवहीत लिहिलं जातं की पेशंट मारकुटा आहे.

मुलीने काय करावं? आधी वाद सोडावा. मग त्या वाक्यामागे काय आहे ते बघावं. सगळा जन्म या वेळेला ज्या बाईच्या अंगावर काम होतं, तिला आता रिकामं बसवत नाही, इतकंच आहे ते. "किती गुरं होती आजी? दूध कोणती जास्त द्यायची?" असं बोलत दोन पावलं तिच्यासोबत चालावं. अंगणात एक फेरी मारून वळून यावं. मग हाताला काम द्यावं: शेंगा सोलायला, वाती वळायला, लसूण सोलायला, घड्या घालायला. घडी वाकडी आली तर तिच्यासमोर उलगडून परत घालायची नाही. दिवा लवकर लावावा, टीव्ही बंद करावा, लघवीला जाऊन आली का तेही बघावं. आणि दार सुटलं तर काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं. शेजारणींना माहीत असावं, आजीच्या कमरेच्या पिशवीत फोन नंबरची चिठ्ठी असावी, विहीर आणि रस्त्याकडच्या बाजूला आडोसा असावा.

इथे मुली दर वर्षी एक प्रश्न विचारतात. आई आली का असं आजी विचारते, तेव्हा "येईल उद्या" म्हणणं हे खोटं नाही का? यावर आम्हा शिकवणाऱ्यांतही मतभेद आहेत. माझं मत सांगते. "तुमची आई केव्हाच वारली" असं म्हणणाऱ्या मुलीला मी थांबवते, कारण आजीला ते दर वेळी नव्याने कळतं आणि दर वेळी तेवढंच रडू येतं. पण धडधडीत थापही मारायला लावत नाही. "आईची आठवण आली होय? कशी होती तुमची आई?" असं विचारावं. नव्वद टक्के वेळा तिथून गोष्ट सुरू होते. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे बरं, कुठल्या पुस्तकातला नाही.

मारलं, चावलं, ढकललं तर मुलीने आधी एक हात मागे सरायचं आणि स्वतःला सांभाळायचं. सहन करणं म्हणजे सेवा, असं मी शिकवत नाही. मग बघायचं, दुखतंय का? बोलून सांगता येत नसलं तरी शरीर सांगतं. श्वास कसा चाललाय, कण्हणं आहे का, चेहरा आक्रसलाय का, मुठी आवळल्यात का, जवळ घेतलं तर शांत होते का, या पाच गोष्टी बघून वेदना मोजायची पद्धतच आहे, परिचारिका ती वापरतात. दुखरी दाढ, चार दिवस न झालेली शौच, पाठीवरची जखम, घट्ट बसलेली बांगडी, असं काहीही निघतं. अंघोळीला नकार असेल तर बहुतेक वेळा थंडी किंवा लाज हे कारण असतं. जन्मभर लुगडं सोडलं नाही त्या बाईला अनोळखी पोरीसमोर उघडं केलं तर ती हात उगारणारच. अंगावर चादर ठेवून, लागेल तेवढंच बाजूला करून पुसावं. आज अंघोळ नाही झाली तर हात-पाय-तोंड पुसून उद्या बघावं.

ओळखीचं पान

आता तुमचं काम. आजी दवाखान्यात दाखल होते तेव्हा तिच्यासोबत आधार कार्ड जातं, जुने रिपोर्ट जातात. ती कोण आहे हे मात्र कुठल्याच कागदावर नसतं. म्हणून ज्या घरात असं माणूस आहे त्या घराने वहीचं एक पान लिहून ठेवावं. लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिवाने किंवा शाळेतल्या नातवाने लिहावं.

पहिली ओळ नावाची. आपल्याकडे बऱ्याच बायकांचं लग्नात नाव बदललं जातं. या आजारात जवळचं आधी पुसतं आणि लांबचं जास्त दिवस टिकतं. कागदावर लक्ष्मीबाई असलेली आजी लक्ष्मीबाई म्हणून ओ देत नाही, बहिरी झाली असं सगळ्यांना वाटतं, आणि माहेरच्या "चंपे" या हाकेला मात्र वळून बघते. असं असेल तर ते नाव पानावर हवं. पुरुषांचंही लिहा: गडी होता, मिस्त्री होता, का वारकरी होता, घरात त्याला अण्णा म्हणतात का दादा.

मग माहेर कोणतं, काय काम केलं, कोणत्या देवाला मानते, काय आवडीने खाते आणि काय तोंडाला लावत नाही, कशाला भिते, चिडली की कशाने शांत होते, ऐकायला कोणता कान बरा, चष्मा-कवळी आहे का, शौचाला जायचं असलं की कशी वागते. आजीला "तू" म्हटलेलं चालतं का "तुम्ही"च लागतं, हेही लिहा, घराघरांत ते वेगळं असतं. हे पान हातात असलं की नवखी मुलगीही पहिल्या दिवशी बोलायला सुरुवात करू शकते, आणि पहिला दिवस जमला की दुसऱ्या दिवशी ती आपणहून जाते.

तपासणीच्या प्रश्नांचंही असंच आहे. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा, हे प्रश्न शाळेत न गेलेल्या बाईला विचारून उपयोग नाही. म्हणूनच १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांसाठी निरक्षर ज्येष्ठांना चालेल अशी वेगळी हिंदी चाचणी तयार केली गेली. निदान डॉक्टरच करतील. पण मुलीने सहज बोलताना बाजार कोणत्या वारी असतो, कोणता सण नुकताच झाला, शेतात सध्या काय चाललंय, असं विचारावं. त्यातून पुष्कळ कळतं, आणि आजीला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही.

दोन गोष्टींबाबत मी कडक आहे. मुलगी घरी यायच्या आधी घरच्यांची आणि जमेल तशी त्या आजीची परवानगी घ्यायची. आणि फोटो-व्हिडिओ काढायचा नाही, गमतीनेसुद्धा नाही. त्या घरातलं पाहिलेलं बैठकीत चघळायचं नाही.

आणखी एक. अशा घरात गेल्यावर मुलीने सांभाळणाऱ्या बाईकडेही बघावं. ती बहुतेक सून असते, नाहीतर लेक. रात्र-रात्र जागी असते. आजीला खाटेला बांधलेलं दिसलं तर लगेच सुनेला बोल लावू नये. शेतावर जायचंय आणि मागे कुणी नाही, अशा वेळी ते झालेलं असतं. बांधल्याने भीती वाढते, जखमा होतात, माणूस धडपडून पडतं, हे नीट समजावून सांगावंच. पण त्याआधी "वहिनी, तुम्ही जेवलात का?" हे विचारावं. गटातल्या दोघींनी आठवड्यातली एक दुपार तिथे बसायचं ठरवलं तर त्या बाईला झोप मिळेल आणि शिकाऊ मुलीला सोबत. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आणि मनाच्या आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ हे दोन्ही नंबर मोफत आहेत, ते गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बैठकीत करून बघा

दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीने आजी व्हायचं, दुसरीने नर्स. नर्सिंगची मुलगी हजर असेल तर तिला आधी आजी करा, नर्स नंतर. पाच मिनिटांचे तीन प्रसंग घ्या: आजी तोच प्रश्न सहाव्यांदा विचारते, आजी अंघोळीला नाही म्हणते, आजी आईला भेटायला निघाली आहे. बाकीच्यांनी हसायचं नाही, सल्ले द्यायचे नाहीत, नुसतं बघायचं. झाल्यावर आधी आजी झालेलीला विचारा की कोणतं बोलणं बरं वाटलं आणि कुठे राग आला. तिचं सांगून झाल्यावर मग नर्स झालेलीने बोलावं. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी पुढच्या बैठकीला ओळखीचं पान भरून आणावं. त्यातलं काय मोठ्याने वाचायचं आणि काय नाही, हे त्या घरानेच ठरवावं.